आवाज येतोय, चित्र नाही

शनिवारची सकाळची शाळा सुटायला अर्धा तास होता. हॉलच्या खिडक्यांना पडदे नाहीत म्हणून आम्ही घरून आणलेल्या चादरी लावल्या होत्या. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी मुलांनी केलेल्या छोट्या ॲनिमेशन फिल्म दाखवायच्या होत्या आणि आज त्याची रंगीत तालीम होती. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी दिन म्हटलं की दोन भाषणं, एक पोवाडा आणि फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेल्या शुभेच्छा, असा ठरलेला कार्यक्रम असतो. यंदा वेगळं काहीतरी करू, असं मीच मुख्याध्यापकांना सुचवलं होतं. त्यामुळे घामही मलाच फुटला होता.

पाच फिल्म नीट झाल्या. सहावी आठवीतल्या एका मुलीची. मी तिचा पेनड्राइव्ह लावला, फाइलवर दोनदा क्लिक केलं. पडदा काळा. मग स्पीकरमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. बहात्तरच्या दुष्काळात आईबरोबर खडी फोडायला जायचे, असं काहीतरी ती सांगत होती. आम्ही वाट पाहिली. आवाज चाळीस सेकंद चालला आणि थांबला. पडदा शेवटपर्यंत काळाच. मागच्या रांगेतली मुलं खुसखुसायला लागली.

"चित्रं कुठं आहेत?" मी विचारलं.

"सर, घर पे दिखता."

"घरी दिसतं आणि इथं दिसत नाही, असं कसं होईल? बाकीच्यांचं दिसलं ना?"

ती गप्प. मग मी ते वाक्य बोललो. "चित्रं काढायचा कंटाळा आला म्हणून नुसता आवाज रेकॉर्ड करून आणलास. वर खोटं बोलू नकोस."

साठ-सत्तर मुलं ऐकत होती. तिने पेनड्राइव्ह काढून घेतला, कंपासपेटीत ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. रडली नाही. रडली असती तर कदाचित मी तिथेच थांबलो असतो. मी सातवी फिल्म लावली.

हा उद्योग सुरू कसा झाला, ते आधी सांगतो. आमच्या मुलांचं मराठी पुस्तकातलं असतं. निबंध येतो, पत्र येतं, पण बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. दुसरीकडे, याच मुलांच्या घरी दादी-नानी जी भाषा बोलतात तिच्यात विहीर आहे, खडी आहे, भाकर आहे, बांध आहे. ती दखनी आहे, पण अर्धी मराठीच आहे. म्हणून मी ठरवलं की प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक खरी गोष्ट ऐकायची, ती त्यांच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करायची, तिच्यावर चित्रं काढून हलती फिल्म करायची आणि खाली मराठी ओळी स्वतःच्या हाताने लिहायच्या. शीर्षक उर्दूत आणि मराठीत, दोन्ही लिप्यांत.

संगणक कक्षात दहा यंत्रं आहेत, आठ चालतात. त्यांवर क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर होतं. जगभरातले लोक मिळून ते बनवतात आणि २०१६ पासून त्यात ॲनिमेशनचीही सोय आहे. आमच्याकडची आवृत्ती जुनी, पण काम भागत होतं. सेकंदाला बारा चौकटी, हे गणित मुलांनी पटकन पकडलं. आधीचं चित्र फिकट दिसतं आणि त्यावरून पुढचं काढायचं, या सोयीला 'अनियन स्किन' म्हणतात. ते ऐकून "कांदे का छिलका!" म्हणत मुलं आठवडाभर हसत होती.

खरी अडचण शेवटी यायची. चित्रं काढून झाली, टाइमलाइनवर फिरवली की छान हलतात. पण ती यंत्राच्या बाहेर काढायची, म्हणजे कुणालाही दाखवता येईल असा प्रीव्ह्यू तयार करायचा, तर ती एक्स्पोर्ट करावी लागतात. आमच्या जुन्या आवृत्तीत त्यासाठी एफएफएमपेग नावाचा वेगळा प्रोग्रॅम लागायचा. लग्नांचे व्हिडिओ करणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने मला एक तयार आज्ञा लिहून दिली. मुलांनी आपल्या चौकटी पीएनजी चित्रं म्हणून एका फोल्डरमध्ये काढायच्या, शेजारी आवाजाची फाइल ठेवायची आणि ती आज्ञा असलेल्या छोट्या फाइलवर क्लिक करायचं. काळ्या खिडकीत अक्षरं धावायची आणि एमपी४ तयार व्हायची. त्या ओळीत काय लिहिलंय, हे मी कधी वाचलं नाही. तावीज कुणी उघडून वाचत नाही, तसं. गळ्यात आहे, काम होतंय, बस्स.

त्या मुलीच्या घरी लॅपटॉप होता. मोठा भाऊ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, त्याने जुना घेऊन चालू केलेला. कक्षातल्या यंत्रांवर पाळी लवकर येत नाही म्हणून ती घरीच काम करायची. एक्स्पोर्ट भावाने करून दिलं होतं. तोही एफएफएमपेगच वापरायचा, पण आज्ञा त्याची त्याने इंटरनेटवर बघून लिहिली होती. यातलं काहीही मी शनिवारी विचारलं नाही.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत भाऊ आला, लॅपटॉप बगलेत घेऊन. तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं. त्याने सलाम केला, टेबलावर जागा केली आणि म्हणाला, "सर, बस एक बार देख लो."

शिक्षक खोलीत उभ्याउभ्या मी ती फिल्म पाहिली. पांढऱ्या कागदावर काळ्या रेषा. एक मुलगी डोक्यावर घमेलं घेऊन चालते, मागे तिची आई. खडीचा ढीग, हातोडा वर जातो, खाली येतो. उन्हासाठी तिने काहीच रंगवलं नव्हतं, नुसत्या सावल्या अगदी आखूड काढल्या होत्या. सगळ्या फिल्ममध्ये एकच रंग होता, लाल. संध्याकाळी आई चुलीवर भाकरी टाकते ती लाल. १९७२ साली रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो नावाची तांबडी ज्वारी मिळायची, ती भाकरी. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, मिलोचं नाव काढलं की तोंड कसं होतं ते बघा. दादीचा आवाज सांगत होता की लाल भाकर घशाखाली उतरायची नाही, पण तीही पुरायची नाही. शेवटच्या चौकटीत ताट आहे, ताटात लाल भाकरीचा एक तुकडा आहे, आणि आई तो मुलीकडे सरकवते. एवढंच.

"कितनी तस्वीरें हैं?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"एकशे एकतीस," भाऊ मराठीत म्हणाला. "मोजलीत तिनं."

मी ज्या मुलीला कंटाळा आला म्हणून बोललो होतो, तिने १३१ चित्रं काढली होती. मग प्रश्न एकच उरला. ती शनिवारी हॉलमध्ये का दिसली नाहीत? तो प्रश्न मी तीन रात्री घेऊन बसलो. जे कळलं ते इथे लिहितोय, कारण बरेच शिक्षक आता मुलांकडून व्हिडिओ करून घेतात आणि माझ्यासारखीच चूक कुणीही करू शकतो.

पहिली गोष्ट. फाइलच्या नावापुढे एमपी४ लिहिलंय म्हणजे आत काय आहे ते कळलं, असं नाही. एमपी४ हा डबा आहे. आपल्या घरात बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असतो आणि चहाच्या डब्यात हळकुंडं, तसं. डब्यात चित्र कोणत्या पद्धतीने भरलंय, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. कोडर आणि डिकोडर या दोन शब्दांचा तो जोड. भरणारा आणि उघडणारा. भरणाऱ्याची पद्धत उघडणाऱ्याला येत नसेल, तर डबा हातात असूनही उपयोग नाही. आवाज आणि चित्र एकाच डब्यात वेगवेगळे भरलेले असतात, म्हणून यंत्राला आवाजाची पद्धत आली आणि चित्राची आली नाही, असं होऊ शकतं. काळ्या पडद्यावर दादी बोलत होती ती यामुळे.

पण मग भरायचंच कशाला? चित्रं आहेत तशी का पाठवत नाहीत? हिशेब करून बघा. १२८० बाय ७२० पिक्सेलचं एक चित्र, प्रत्येक पिक्सेलला रंगाचे तीन बाइट, म्हणजे एका चौकटीला सुमारे २७ लाख ६५ हजार बाइट. सेकंदाला बारा चौकटी धरल्या तर सेकंदाला ३३ एमबी. तीस सेकंदांची फिल्म जवळजवळ १ जीबी. आमच्या एका गटाने खरंच असा न दाबलेला एव्हीआय केला होता. व्हॉट्सॲपवर जाईना आणि शाळेच्या यंत्रावर अडखळत चालला.

कोडेक हे ओझं कमी कसं करतं, ते मला हजेरीपटावरून कळलं. वर्गात पन्नास मुलं आहेत. रोज पन्नास नावांपुढे 'हजर' लिहिण्याऐवजी मी एक तारखेला पूर्ण हजेरी लिहिली आणि पुढे फक्त 'कालच्यासारखंच, ७ आणि २३ गैरहजर' एवढं लिहिलं, तरी माहिती तीच राहते. एच.२६४ हे २००३ साली प्रमाण म्हणून आलेलं कोडेक साधारण हेच करतं. अधूनमधून एक पूर्ण चौकट आणि मधल्या चौकटींत फक्त काय बदललं ते. हातोडा हलला, तर हातोड्याची जागा. मागचा डोंगर तसाच, त्याचं नाव पुन्हा घ्यायचं कारण नाही.

त्या मुलीची फाइलही एच.२६४ च होती. तरीही हॉलमधल्या यंत्राला ती उघडता आली नाही. का, ते कळायला मला माझ्या लहानपणीच्या टीव्हीपर्यंत जावं लागलं. दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आलं, एशियाडच्या वर्षी. आमच्या घरी मात्र पुढची कितीतरी वर्षं काळा-पांढरा टीव्ही होता. शेजाऱ्यांकडे रंगीत होता. कार्यक्रम एकच, लहर एकच. त्यांच्याकडे हिरवं दिसायचं, आमच्याकडे करडं, पण दिसायचं. हे कसं होतं, असं अब्बांना विचारलेलं आठवतं. "उनके डब्बे में रंग है," असं त्यांनी सांगितलं होतं. खरं कारण वेगळं आहे. रंगीत टीव्ही बनवणाऱ्यांनी उजेड आणि रंग वेगळे केले होते. उजेडाची माहिती एकीकडे, रंगाची दुसरीकडे. काळ्या-पांढऱ्या टीव्हीने फक्त उजेड घ्यायचा आणि रंग सोडून द्यायचा. ज्याच्याकडे रंगीत संच घ्यायला पैसे नाहीत, त्याच्या घरीही चित्र पोचावं, अशी ती रचना होती.

ती विभागणी आजच्या व्हिडिओतही आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. म्हणून नेहमीच्या व्हिडिओत उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात, पण रंग चार पिक्सेलच्या एका चौकोनात मिळून एकच. दोन आडवे, दोन उभे. यामुळे माहिती निम्मी होते आणि फोन, टीव्ही, जुने संगणक, सगळे हीच पद्धत उघडायला शिकलेले असतात. या पद्धतीचं नाव वाययूव्ही ४२०. दुसरी पद्धत ४४४. तीत रंगही प्रत्येक पिक्सेलचा असतो, काहीच टाकून दिलेलं नसतं. पीएनजी चित्रांपासून एफएफएमपेगने एच.२६४ व्हिडिओ केला आणि आपण काही सांगितलं नाही, तर तो चांगुलपणाने सगळा रंग राखतो आणि ४४४ बनवतो. विंडोजचा साधा प्लेअर ते उघडू शकत नाही. कितीतरी फोनही उघडत नाहीत.

मला मिळालेल्या त्या तावीजासारख्या आज्ञेत 'पिक्सेल फॉर्मॅट ४२०' असा एक तुकडा होता. भावाच्या आज्ञेत तो नव्हता. फरक तेवढाच. तिच्या फाइलमध्ये चारशेवीस नव्हतं, आणि मी तिलाच चारशेवीस ठरवून मोकळा झालो होतो. हसू येईल असं आहे, पण मला आलं नाही. कारण तिच्या फाइलमध्ये काही कमी नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या फाइलपेक्षा जास्त होतं. पाहणाऱ्या यंत्राला झेपलं नाही, म्हणून ते कोरं दिसलं.

त्याच आठवड्यात आणखी एक फाइल अडकली होती. एका गटाची एमपी४ तयार व्हायची, पण आकार शून्य केबी. 'तुम्ही नीट सेव्ह केलं नसेल' हे माझं आवडतं उत्तर त्यांनाही मिळालं होतं. आता मी काळ्या खिडकीतली अक्षरं पहिल्यांदा वाचली. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की रुंदीला दोनने भाग जात नाही. त्यांचा कॅनव्हास ११२३ बाय ७९४ होता. ए४ कागद ९६ पिक्सेल प्रति इंच या मापाने मोजला की हेच आकडे येतात. मुलांना कागदाचं माप तेवढंच माहीत, म्हणून त्यांनी ए४ घेतला. ११२३ ही विषम संख्या. रंगाचे चौकोन दोन-दोन पिक्सेलचे, त्यामुळे कडेला अर्धा चौकोन उरतो आणि कोडेक अडून बसतं. रुंदी ११२२ केली, फाइल झाली. एक पिक्सेल. तो गट दोन आठवडे माझी बोलणी खात होता.

तिसऱ्या रात्री हे सगळं वहीत लिहून घेताना मला माझी एक वही आठवली. मी पाचवीत होतो. शाळेत तपासणीला एक साहेब आले. त्यांना उर्दू येत नव्हतं. त्यांनी बाकावरच्या वह्यांमधून माझी उचलली आणि उघडली. उर्दूची वही उजवीकडून सुरू होते. मराठी माणूस जिला वहीची पहिली बाजू म्हणेल, ती आमची शेवटची. साहेबांनी पहिलं पान उलटलं, कोरं. दुसरं, कोरं. तिसरं, कोरं. "जून महिन्यापासून काहीच केलेलं नाही याने," ते म्हणाले आणि मला उभं केलं. मी वर्गात सगळ्यात नीट लिहायचो. वही निम्म्याहून जास्त भरली होती. पण साहेबांना काही सांगायला तोंड उघडेना. मराठीत कसं सांगायचं तेही कळेना. आमच्या उस्तादांनी पुढे होऊन वही साहेबांच्या हातातून अदबीने घेतली, उलटी केली आणि परत दिली. बोलले काहीच नाहीत. साहेबांनी चार पानं चाळली, "अच्छा" म्हणाले आणि पुढे गेले. मला कुणी बसायला सांगितलं नाही, म्हणून मी तास संपेपर्यंत उभाच होतो.

ती गोष्ट मी कितीदा तरी सांगितली आहे. मित्रांना, बायकोला, एकदा सभेतही. आम्हाला लोक चुकीच्या बाजूने उघडतात आणि कोरं म्हणतात, असं म्हणून टाळ्याही घेतल्या आहेत. "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो" असं कुणी म्हणालं की मला ती वही आठवते. पण त्या गोष्टीत मी कायम उभा केलेला मुलगा असायचो. साहेब मीही होऊ शकतो, हे मला त्या शनिवारपर्यंत सुचलं नव्हतं. आणि माझ्याकडे तर उर्दूही होती, मराठीही होती. मला फक्त एकदा वही उलटी करून बघायची होती. बी.एड.ला मूल्यमापनावर मी चांगले गुण मिळवले होते.

गुरुवारी ती वर्गात आली. आरोप हॉलमध्ये सगळ्यांसमोर केला होता, त्यामुळे माफीही तिथेच मागायला हवी होती. मी मधल्या सुट्टीनंतर सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. चादरी पुन्हा लावल्या. हॉलच्या यंत्रावर नवं काही टाकायचं तर पासवर्ड लागतो आणि तो कक्ष बसवून देणाऱ्याकडेच आहे. पण व्हीएलसी हा प्लेअर इन्स्टॉल न करताही चालतो. त्याची झिप फाइल पेनड्राइव्हवर उघडून ठेवली की झालं. तो जवळजवळ काहीही उघडतो, कारण उघडण्याच्या पद्धती तो स्वतःबरोबरच घेऊन फिरतो. १९९६ मध्ये पॅरिसमधल्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी तो प्रकल्प सुरू केला होता, हे मी मुलांना सांगितलं. आठवीतल्या पोरांना ते आवडलं.

मग मी म्हणालो, "शनिवारी मी हिला खोटारडी म्हणालो. ती खरं बोलत होती. चूक माझी होती. मला माफ कर." उर्दूत म्हणालो आणि मराठीतही म्हणालो. ती खाली बघत होती. फिल्म लावली. चाळीस सेकंद कुणी हललं नाही. ताट सरकलं तेव्हा मागच्या रांगेतून, जिथून हसणं आलं होतं तिथूनच, "या अल्लाह" असा हलका आवाज आला.

पण काम तिथे संपलं नाही. २७ तारखेला पालक येणार, फिल्म त्यांच्या फोनवर जाणार, त्या प्रत्येक फोनवर व्हीएलसी असणार नाही. म्हणून तिची फिल्म ४२० मध्ये करावी लागली. केली, आणि ती लॅपटॉपसमोर बसल्याबसल्या म्हणाली, "सर, नुक्ते गए." शीर्षक तिने काळ्या पट्टीवर लाल अक्षरांत हाताने लिहिलं होतं. चार पिक्सेलला मिळून एकच रंग म्हटल्यावर बारीक लाल रेषा काळ्यावर फिसकटतात. अक्षरं जेमतेम वाचता येत होती, पण नुक्ते धुरकट झाले होते. उर्दूत नुक्ता म्हणजे नुसता ठिपका नव्हे. बे, पे, ते, से ही अक्षरं एकाच आकाराची, नुक्त्यांवरून वेगळी. खुदा आणि जुदा या दोन शब्दांत फरक एका नुक्त्याच्या जागेचा. तिने शीर्षकाची चौकट पुन्हा काढली. काळी पट्टी काढून टाकली, पांढऱ्यावर अक्षरं काळी केली, नुक्ते जाड केले. लाल रंग फक्त भाकरीसाठी ठेवला. भाकरी मोठी होती, तिचा लाल टिकला. पाहणाऱ्याच्या साध्या फोनसाठी तिने तिच्याकडचं काहीतरी सोडलं, आणि काय सोडायचं नाही हेही तिनेच ठरवलं. मला तर ती दूरदर्शनच्या इंजिनिअरांच्या जातकुळीतली वाटली.

आता संगणक कक्षाच्या भिंतीवर एक कागद आहे, उजवीकडे उर्दूत, डावीकडे मराठीत. कॅनव्हास १२८० बाय ७२०. मूळ फाइल आणि पीएनजी चौकटी कधीही पुसायच्या नाहीत, कारण व्हिडिओ पुन्हा करता येतो, चित्रं येत नाहीत. पिक्सेल फॉर्मॅट ४२० लिहायचा. फाइल झाली की ती दुसऱ्या यंत्रावर आणि एका साध्या फोनवर लावून बघायची. काळ्या खिडकीत लाल अक्षरं आली की आधी वाचायची. शेवटची ओळ माझ्यासाठी आहे: दिसलं नाही तर 'केलं नाहीस' म्हणण्याआधी विचारायचं, 'कुठे दिसतं ते दाखव.'

२७ तारखेला दादी आली होती, नातवाचा हात धरून. पहिल्या रांगेत बसवली. स्वतःचा आवाज ऐकून तिने पदराने तोंड झाकलं आणि शेजारच्या बाईला विचारलं, "मेरीच आवाज है क्या?" मिलोची भाकरी आली तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "हौ, ऐसीच लाल थी." चहा झाल्यावर ती माझ्याकडे आली, डोक्यावर हात ठेवला आणि दुआ दिली. शनिवारचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. नातीने घरी सांगितलं असणार ते फक्त भावाला. ती दुआ मी मान खाली घालून घेतली.

ती मुलगी आता नववीत आहे. चित्रं अजून काढते. गृहपाठ असो की व्हिडिओ, माझ्याकडे काही द्यायला आली की मी उघडण्याआधीच सांगते, "सर, दुसऱ्या फोनवर पण बघितलंय. दिसतंय." आवाजात राग नसतो. कागदावरचा नियम आहे, तो ती पाळते, असंही म्हणता येईल. पण बाकीची मुलं तसं सांगत नाहीत. फक्त ती सांगते, आणि दर वेळी सांगते.